चावी गाडीलाच आहे

(सामान्य काळातील तेविसावा रविवार, वर्ष अ)



मिस्साच्या शेवटी, अंतिम आशीर्वादापूर्वी, आम्ही सूचना वाचतो. विवाहाच्या घोषणा, आठवड्यातील मृतांसाठीच्या मिस्सा, मरियेच्या जन्मोत्सवाच्या नोव्हेनाच्या वेळा, असे सगळे झाले की एखादा वेदीसेवक हळूच पुढे येतो आणि एक चिठ्ठी आमच्या हातात सरकवतो. एम.एच. ४८, पुढे अमुक-तमुक क्रमांक, आणि खाली घाईघाईत लिहिलेले: 'चावी गाडीलाच आहे.' आम्ही ते वाचतो. मंदिरात हलकासा हशा पिकतो. चार-पाच जण खिसे चाचपतात आणि मागच्या बाकावरून कुणीतरी मान खाली घालून बाहेर पडते.

हा हशा आम्हालाही आवडू लागला होता, हे कबूल करायला हवे. त्यात आम्ही आमची भर घालत असू. "गाडी प्रभूच्या स्वाधीन केली असली तरी चावी खिशातच ठेवावी," असे आम्ही एकदा माइकवरून म्हटलेले आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आज मात्र या विषयावर हसता येणार नाही, असे काहीसे सांगायचे आहे.

१५ ऑगस्टची गोष्ट. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्यदिन. सकाळच्या मिस्साला मंदिर तुडुंब भरले होते. आवारात जागा उरली नव्हती, म्हणून दुचाक्या फाटकाबाहेर, थेट रस्त्याच्या कडेपर्यंत लागल्या होत्या. पाऊस होताच. मिस्सा संपली, ध्वजारोहणासाठी लोक मैदानाकडे वळले आणि तेवढ्यात फाटकाजवळ गलका झाला. आम्ही अजून झग्यातच होतो, तसेच गेलो. वीस-बावीस वर्षांचा, नखशिखांत भिजलेला एक मुलगा आपल्या लोकांच्या कोंडाळ्यात उभा होता. बांधकामावर काम करणारा, दूर उत्तरेकडून आलेला असावा, हे बोलण्यावरून कळत होते. एका मोटारसायकलच्या हँडलवर त्याचा एक हात होता, दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. त्याच्या गालावर बोटे उमटली होती.

आम्ही गर्दीतून वाट काढत पुढे झालो आणि त्याला विचारले, "काय रे, इथे काय करतोस?"

बंधुभगिनींनो, आमच्या तोंडून निघालेला हा पहिला प्रश्न होता. त्याला कुणी मारले, का मारले, लागले का, हे आम्ही विचारले नाही. ज्याने हात उचलला त्याच्या मनात जे होते, तेच आमच्याही मनात होते. फरक एवढाच, की आमच्या अंगावर झगा होता.

त्याने मूठ उघडली. आत चावी होती. मोडक्यातोडक्या हिंदीत तो सांगू लागला. रस्त्याने जाताना त्याला चावी गाडीलाच लटकलेली दिसली. दोन पोरे गाडीवर बसून चावी फिरवत होती. त्याने त्यांना हुसकले, चावी काढून हातात घेतली आणि मालक येईपर्यंत तो तिथेच थांबला. आत जाऊन सांगायला हवे होते हे त्याला कळत होते. पण चिखलाने भरलेल्या पायांनी देवळात कसे शिरायचे, आणि शिरलो तरी एवढ्या लोकांत कुणाला सांगायचे, म्हणून तो बाहेरच राहिला. सुट्टीच्या दिवशीही त्याच्या साइटवर स्लॅबचे काम होते. स्लॅब एकदा सुरू झाली की उशिरा आलेल्याला ठेकेदार उभा करत नाही, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. हे त्याने तक्रार म्हणून सांगितले नाही. इतका वेळ इथे का उभा होतास, या प्रश्नाचे ते उत्तर होते.

मग गाडीचा मालक आला. आपलाच तरुण. त्याने चावी घेतली, "थँक्यू" म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला. कोंडाळे पांगले. ध्वजारोहणाला उशीर होत होता, म्हणून आम्हीही घाईघाईने वळलो. राष्ट्रगीत संपल्यावर आम्हाला आठवले, की त्या मुलाला 'माफ कर' असे कुणीही म्हटले नाही. आम्हीही नाही. मागे पाहिले तेव्हा तो निघून गेला होता.

'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण आपण किती सहज वापरतो! त्या दिवशी तर चोरही नव्हता. होता तो फक्त संन्यासी, आणि फाशी द्यायला आपण सगळे.

आजचे पहिले वाचन यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातून आहे. देव त्याला इस्राएलच्या घराण्याचा पहारेकरी म्हणून नेमतो. पहारेकऱ्याचे काम काय? संकट येताना दिसले की ओरडून सांगणे. लोकांनी ऐकले नाही तर दोष त्यांचा. पण त्याने पाहिले आणि तो गप्प राहिला, तर हिशेब त्याच्याकडे मागितला जाईल. हे वाचन आपण दर तीन वर्षांनी ऐकतो आणि प्रत्येक वेळी आपल्या मनात येते, की हे धर्मगुरूंसाठी असावे, बिशपांसाठी असावे, फार तर आईबापांसाठी. फाटकाबाहेर पावसात उभा राहिलेला तो मुलगा कोणत्या धर्माचा हे आम्हाला माहीत नाही. पण मंदिरात आपण पवित्र मरियेची स्तोत्रे गात असताना आपल्या धर्मग्रामाचा पहारेकरी तो होता.

जुन्या करारात याहूनही जवळचे काही आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात मोशेचे नियमशास्त्र सांगते, की शेजाऱ्याचा बैल किंवा मेंढरू भरकटलेले दिसले तर तोंड फिरवून निघून जाऊ नका, ते त्याच्याकडे पोहोचते करा. मालक दूर राहत असेल किंवा तो कोण हे ठाऊक नसेल, तर ते आपल्या घरी आणा आणि तो शोधत येईपर्यंत सांभाळा. गाढवाचेही तेच, वस्त्राचेही तेच. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात तर हेच शत्रूच्या बैलाबाबत सांगितले आहे. त्या काळचे गाढव म्हणजे आजची दुचाकी, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. माल त्यावर, माणूस त्यावर, घरची रोजीरोटीही त्यावर.

या नियमात एक गोष्ट नाही, ती लक्षात घ्या. बैल भरकटला कसा, हे तिथे विचारलेले नाही. मालकाने दावे नीट बांधले होते का, गोठ्याचे दार लावले होते का, तो नेहमीचाच धांदरट आहे का, याची चौकशी आधी करा आणि मग ठरवा, असे नियमशास्त्र म्हणत नाही. आपण मात्र नेमके तेथूनच सुरुवात करतो. "एवढी हजारो रुपयांची गाडी, आणि चावी काढायचे भान नाही? जाऊ दे चोरीला, अद्दल घडेल!" मुळात, बेफिकीर नसलेल्या माणसाला आपल्या मदतीची गरज पडतेच कुठे?

आणि बेफिकिरी म्हणावी, तर ती कुणाची नाही? सकाळी सहाच्या सुमारास वसई रोड स्थानकाबाहेर उभे राहून पाहावे. चर्चगेट लोकल फलाटाला लागण्याची घोषणा होत असते. गाडी कशीबशी स्टॅण्डवर उभी करून माणूस जिना चढू लागतो. कुणाची चावी स्विचमध्ये, कुणाची डिकीच्या कुलपात. कुणाचे हँडल लॉक लावायचे राहिलेले. सायकलवाल्याची साखळी फक्त पुढच्या चाकातून आणि खांबातून ओवलेली, म्हणजे चाक तिथे राहील आणि बाकीची सायकल जाईल. दुसऱ्याने साखळी चाकाला छान गुंडाळली, पण खांबाला बांधलीच नाही. अख्खी सायकल उचलून टेम्पोत टाकायला किती वेळ लागतो? ही माणसे मूर्ख नाहीत. कुणाला उशीर झाला की अर्धा दिवस कापला जातो. कुणी रात्रभर रुग्णालयात बसून तसाच कामाला निघालेला असतो. आम्ही स्वतः एकदा आजाऱ्याला तैलाभ्यंग देण्यासाठी धावत गेलो होतो. परत येऊन पाहतो तर स्कूटरची चावी स्कूटरलाच. पलीकडच्या ओटीवर एक म्हातारी बसली होती. "फादर, मी बघत होते हो," एवढेच ती म्हणाली. तासभर तिने आमच्या स्कूटरवरची नजर हलवली नव्हती, आणि आम्हाला त्याची कल्पनाही नव्हती.

आमच्या लहानपणी सायकलीला मागच्या चाकाचे कुलूप असे, पण ते बहुधा गंजलेले. भाजीच्या आणि फुलांच्या पाट्या लादलेल्या सायकली पहाटेच्या अंधारात स्टेशनच्या वाटेला लागत, आणि वाटेत कुठेही उभ्या केल्या तरी कुणी चिंता करत नसे. त्या काळी माणसे अधिक प्रामाणिक होती असे म्हणायची पद्धत आहे. आम्हाला ते तितकेसे पटत नाही. सायकल कुणाची हे गावात प्रत्येकाला ठाऊक होते, हे त्याचे खरे कारण. आता आपण एकमेकांना ओळखत नाही. म्हणूनच ही राखण अनोळखी माणसाची अनोळखी माणसाने करायची आहे, आणि ते अधिक कठीण आहे.

सेमिनरीत असताना सातव्या आज्ञेवर आमचा मोठा वाद रंगला होता. सापडलेली वस्तू उचलणे ही चोरी का? संत ऑगस्टीनचे मत स्पष्ट आहे: जे सापडले आणि परत केले नाही, ते चोरलेच. संत थॉमस अक्वायनस त्याचा आधार घेतात, पण एक पायरी पुढे जातात. मालकाला परत देण्याच्या हेतूने उचलले असेल तर ती चोरी नव्हे, असे ते सांगतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेली ख्रिस्तसभेची धर्मशिक्षणाची प्रश्नसंहिताही, हरवलेली वस्तू जाणूनबुजून ठेवून घेणे हे सातव्या आज्ञेविरुद्ध आहे, असे शिकवते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा विचार आहे. मालकाला देण्यासाठी वस्तू जपून ठेवणारा गुन्हेगार ठरत नाही, मालकाचा शोध न घेता ती वापरणारा ठरतो.

त्या वेळी हे सगळे आम्हाला फार सोपे वाटले होते. हेतू शुद्ध, की प्रश्न मिटला! १५ ऑगस्टला आम्हाला त्यातली अडचण कळली. हेतू देवाला दिसतो, माणसाला दिसते ती फक्त मिटलेली मूठ. दुसऱ्याच्या गाडीची चावी चोरही काढतो आणि राखणदारही. कृती एकच. मग पाहणारा काय करतो? कपडे पाहतो, रंग पाहतो, भाषा ऐकतो आणि ठरवून मोकळा होतो. तीच चावी आपल्या गायकवृंदातल्या एखाद्या मुलाच्या मुठीत असती तर आपण त्याला "शाब्बास" म्हटले असते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले, आणि त्या कलमात अशा माणसाला 'गुड समॅरिटन' म्हटले आहे. शुभवर्तमानातला दयाळू शोमरोनी आपल्या देशाच्या कायद्यात आला याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण शुभवर्तमानातला शोमरोनी हा यहुद्यांच्या लेखी परका, संशयित माणूस होता, हे आपण विसरतो. त्या जखमी माणसाजवळ वाकलेला तो शोमरोनी आपल्या लोकांना दिसला असता, तर लुटारू समजून आपण त्यालाच धरले नसते का?

म्हणून मदत करायचीच, पण ती उघडपणे, चार माणसांच्या देखत. चावी दिसली तर शेजारच्या कुणाला तरी हाक मारावी, "हे पाहा, चावी राहिलीय." मग ती काढून जवळच्या दुकानदाराकडे, पार्किंगवाल्याकडे किंवा स्थानकाबाहेरच्या पोलिसाकडे द्यावी आणि कागदाच्या कपट्यावर तसे लिहून सीटला अडकवावे. तेही स्वच्छ शब्दांत लिहू नये, नाहीतर चोरच ती चिठ्ठी घेऊन दुकानात जायचा. 'समोर चौकशी करा, गाडीचे कागद दाखवा' एवढे पुरे. चावी खिशात टाकून 'संध्याकाळी देऊ' म्हणत लोकल पकडू नये. गाडी ढकलून दुसरीकडे नेऊ नये. ते जमत नसेल, तर दोन मिनिटे उभे राहावे आणि आजूबाजूला विचारावे. 'लष्कराच्या भाकऱ्या कोण भाजणार?' असे घरचे म्हणतील. म्हणू द्यावे.

एक प्रकार मात्र आम्हाला अजिबात मान्य नाही. 'धडा शिकवायचा' म्हणून चावी लपवणे, किंवा उघड्या सायकलीला स्वतःचे कुलूप ठोकून निघून जाणे. आपल्याच आवारात हे घडले आहे. गंमत म्हणून कुणीतरी एका स्कूटरची चावी कुंडीत लपवली. जिची स्कूटर होती तिला घरी जाऊन आजारी सासऱ्यांना औषध द्यायचे होते. तिने तासभर चावी शोधली. गंमत करणारा तोवर घरी जाऊन न्याहारी करून बसला होता.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू सांगतो, की भावाचा अपराध त्याच्याजवळ जाऊन, तो एकटा असताना, त्याला दाखवावा. दोघा-तिघांना घेणे नंतर, सभेपुढे आणणे त्याहून नंतर. आम्ही काय करत होतो? पहिलीच पायरी सभेची. थेट माइकवरून, वर विनोदाची फोडणी देऊन! मध्यंतरी एक मुलगी आम्हाला भेटून म्हणाली, "फादर, त्या रविवारनंतर मी दोन आठवडे दुसऱ्या चर्चला गेले." यापुढे आम्ही फक्त क्रमांक वाचू आणि त्यावर एक शब्दही बोलणार नाही. तिची क्षमा आम्ही मागितली आहे.

आता मालकांनाही दोन शब्द, कारण पहारेकऱ्याने गप्प बसायचे नसते. दुसऱ्या वाचनात संत पौल रोमकरांना लिहितो, की कुणाचे देणे ठेवू नका, प्रेमाचे तेवढे कायम राहील. आपली चावी गाडीला राहते तेव्हा आपण एका अनोळखी माणसावर ओझे टाकतो. त्याने पाहिले तर थांबायचे की जायचे, हा प्रश्न त्याच्या माथी येतो. एखादा कोवळा मुलगा असेल तर मोहही. गाडी गेल्यावर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. त्यातली एक गाडीबरोबरच गेली असेल तर खोटे बोलायचा मोह मालकालाही होतो. आणि चावी कुणी परत दिली तर गाडी सुरू करण्याआधी त्याच्या तोंडाकडे पाहावे. तो भिजला आहे का, उपाशी आहे का, त्याचा रोज बुडाला का, हे विचारावे. 'थँक्यू' हा शब्द पाय किकवर ठेवून म्हणायचा नसतो.

त्या तरुणाशी आम्ही बोललो. एकांतात. तो काय म्हणाला ते आम्ही इथे सांगणार नाही, पण त्याने एका दिवसाच्या मजुरीइतके पैसे पाकिटात घालून आमच्याकडे आणून दिले आहेत. ज्याने हात उचलला तोही आपणहून आला होता.

धर्मग्राम परिषदेच्या सभेत ठरल्याप्रमाणे कार्यालयाच्या दाराशी एक फळी लावली आहे. तिला आकडे आहेत. आवारात सापडलेली चावी तिथल्या स्वयंसेवकाकडे द्यावी, गाडीचा क्रमांक वहीत लिहावा, देणाऱ्याने सही करावी. फाटकाबाहेरही एक पाटी लावली आहे, मराठीत आणि हिंदीत. पाय चिखलाचे असले तरी आत या, असे तिच्यावर लिहिले आहे. येत्या काही दिवसांत आपल्यापैकी बरेच जण वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेला जातील, स्थानकाबाहेर गाड्यांची रांग लागेल. तिथे फळी नाही. तिथे आपणच आहोत.

स्वर्गोन्नयनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्या बांधकामावर गेलो होतो. स्लॅब झाली होती. ठेकेदाराने टोळी पहाटेच दुसऱ्या साइटवर हलवली होती. कुठे, ते पहारेकऱ्याला माहीत नव्हते. पाकीट आमच्या टेबलाच्या खणात आहे. ती टोळी सध्या कुठे काम करते हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक असल्यास कृपया कार्यालयात कळवावे. आम्हाला त्या मुलाला भेटायचे आहे.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू